दस्तगीरची एक मात्रा

दस्तगीर, निकाल आधी सांगणार नाही. तुझी ती घाण सवय मला ठाऊक आहे. मी कुठला पिक्चर बघून आलो की चहा यायच्या आधी तू विचारायचास, "शेवटाला कोन मरतंय त्येवडं सांग, मग बाकीचं निवांत ऐकतो." आज ते चालायचं नाही. आज पहिल्यापासून ऐकायचं आणि मधे बोलायचं नाही. तू जाऊन अठ्ठावीस दिवस झाले. ह्या अठ्ठावीस दिवसांत मी मनातल्या मनातसुद्धा तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, कारण आपलं भांडण झालेलं होतं आणि भांडणानंतर आधी कोण बोलणार यावर आपलं दुसरं भांडण असायचं. घे, मी आधी बोललो. कालचा रविवारच तसा गेला.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. 'ज्येष्ठ तालवादक' म्हटलंय तुला. ज्येष्ठ! तू असतास तर स्टुलावरून पडला असतास हसून. उभ्या जन्मात तुला कुणी तालवादक म्हटलं नाही. आपल्या ऑर्केस्ट्राचा निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा. गायक झाले, गायिका झाल्या, सिंथेसायझर, ड्रम्स, गिटारला विलास म्हणजे मी, आणि टाळ्या पार थंड झाल्या की शेवटी, "साईड रिदमला दस्तगीर." तो कमरेएवढा उभा तुंबा, बोंगो, खंजिरी, घुंगरू, जे जे म्हणून हातानं बडवायचं ते सगळं एकाच माणसानं कोपऱ्यात बसून बडवायचं, त्याला साईड रिदम म्हणतात. मी एकदा तुझ्या वतीनं चिडलो, तर तू तुंब्याचे नट आवळत म्हणालास, "मी कुठं साईडला हाय? ही समदी माज्या साईडला बसल्यात." आणि परत कामाला लागलास.

आपलं सगळं त्या टेपवरून सुरू झालं. राजारामपुरीत तुझं कुशनचं दुकान, रिक्षांच्या सीटा आणि सोफे. चार दुकानं सोडून माझं मोटार रिवायंडिंगचं. एके दिवशी तू एका दाताच्या डॉक्टरांच्या घरी सोफा करायला गेलतास आणि अर्ध्या तासात सुई-दाभण तिथंच टाकून माझ्या दुकानात पळत आलास. मला वाटलं कुणाला तरी शॉक बसला. तू दम खात म्हणालास, "इलास, तुंबा ऐकलाय गा. तुंबा! पुडं बसलाय त्यो, पुडं! गिटार त्येच्या मागनं येतीया!"

डॉक्टरांच्या भावानं परदेशातनं एक तबकडी पाठवली होती. कुठल्या तरी बंदराच्या गावातल्या पोरांचा तो पहिलाच अल्बम. गिटार रॉकची, गळा ब्लूजचा, आणि बुडाला तीन-तीन माणसं चामड्यावर तुटून पडलेली, सगळे लॅटिन ठेके. अर्थात ही नावं आपल्याला नंतर कळली. तेव्हा आपल्याला कव्हरवरचं नावसुद्धा धड वाचता येत नव्हतं. आपण तिला शेवटपर्यंत 'तुंब्याची टेप' म्हटलं. ऐकता ऐकता तू ठामपणे सांगितलंस, "ह्यो वाजीवनारा आपल्याच बाजूचा असनार. मिरजंकडचा. हात वळकू येतोय." मी म्हटलं, खुळ्या, सातासमुद्रापल्याडचा आहे तो. तू म्हणालास, "आसंल. पन त्येचा आज्जा मिरजंचा असनार."

डॉक्टर तबकडी द्यायला तयार नव्हते. "घराबाहेर जाणार नाही, इथं येऊन भरून न्या," म्हणाले. मग रविवारी अकराला आपण दोघं माझा टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट घेऊन गेलो. जोडायची वायर नव्हती. रेकॉर्डर नुसता स्पीकरपुढं धरायचा, आणि पाऊण तास बोलायचं नाही, खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही. तुझे पाय मी माझ्या पायांनी दाबून धरले होते. तिसऱ्या गाण्यात, जिथं सगळं हळू होतं आणि गिटार एकटी रडायला लागते, तिथंच आतनं डॉक्टरीणबाईंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. त्या टेपमध्ये बसल्या त्या बसल्याच. पुढं ऑर्केस्ट्रात ते गाणं घेतलं तेव्हा त्या जागी तू ट्रँगलवर तीन टोले द्यायला लागलास. लोकांना वाटायचं परदेशी स्टाईल आहे. गडहिंग्लजच्या एका पार्टीनं तर ते तीन टोले उचलून आपल्या कार्यक्रमात घातले.

पण खरा घोटाळा कुकरनं केला नाही. कोऱ्या कॅसेटला सुरवातीला एक साधी पट्टी असते. तिच्यावर आवाज उठत नाही. पेन्सिल घालून ती दोन वेढे पुढं गुंडाळायची आणि मग बटण दाबायचं, हे त्या काळात शेंबडं पोरही सांगायचं. ते राहिलं. आणि पहिलं गाणं नेमकं नुसत्या तुंब्यावर सुरू होतं. कॅसेटनं पहिली थाप गिळली. आपण दुकानात येऊन लावली ती थेट दुसऱ्या थापेपासून, आणि तिच्या आधी एक थाप आहे हे आपल्या बापजन्मी कुणाला कळणार?

तुला सांगायची गरज नाही, पण हे जे कोण वाचतील त्यांना सांगतो. सम म्हणजे जिथं ताल जमिनीला टेकतो, पाय जोरात पडतो, ती जागा. तू ऐकू आलेली पहिली थाप सम धरलीस, म्हणजे त्यांची दुसरी. त्या पोरांचा पाय जिथं पडत होता तिथनं एक मात्रा पुढं तुझा पडायला लागला. सगळा ठेका त्या हिशेबानं फिरला आणि आम्हीही आंधळ्यासारखे तुझ्या मागनं फिरलो.

आणि फिरून काय झालं? कसबा बावड्यात गणपतीत आपण तो ठेका पहिल्यांदा वाजवला, आठवतंय का? मध्यांतरानंतरची वेळ म्हणजे लोक उठून जायची वेळ. निवेदकानं "आता एक विदेशी धून" म्हटलं आणि चार बायका पोरांना उचलून घराकडं निघाल्यासुद्धा. तू सुरू केलंस. पहिलं आवर्तन, दुसरं आवर्तन, आणि मागं भिंतीला टेकलेली आमची भावकी हलायला लागली. माझा थोरला चुलता, ऊसतोडीशिवाय ज्यानं कंबर वाकवली नाही तो माणूस, टोपी काढून डोक्यावरनं फिरवत पुढं आला. निघालेल्या बायका परत येऊन बसल्या. संपल्यावर एक म्हातारा स्टेजच्या कडेला येऊन म्हणाला, "पावनं, ह्ये काय हुतं म्हाईत न्हाय, पन परत वाजवा." आपण परत वाजवलं. मग तिसऱ्यांदा. त्या दिवसापासून तो ठेका आपला झाला आणि गावोगाव 'बावड्याचा आयटम' म्हणून मागितला जायला लागला.

मग किती तरी वर्षांनी माझ्या भाच्यानं फोनवर ते मूळ गाणं मला ऐकवलं, कानात बोंडं घालून. आणि पहिल्याच क्षणाला मी ते थांबवून परत पहिल्यापासून लावायला लावलं. पुढं एक थाप होती. स्वच्छ, ठसठशीत, आपण कधीच न ऐकलेली. मी फोन हिसकावून तुझ्याकडं पळालो. तू ओठांत बारीक खिळे धरून एका सीटला रेक्झिन ठोकत होतास. खिळे काढलेस, बोंडं घातलीस, डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलंस. मला वाटलं हा आता रडतोय. तू शांतपणे बोंडं काढलीस आणि म्हणालास, "तेंची एक थाप जादा हाय."

"जादा न्हाय रं, आपली एक कमी हाय! आपन जलमभर उलटं वाजवलं!"

"बावड्यात लोकं नाचली का न्हाई?"

"नाचली, पन—"

"मग कमी कुटं पडली?" आणि परत ओठांत खिळे.

झालं. तिथनं जे सुरू झालं ते तुझ्या मरणापर्यंत चाललं. दुसऱ्या मित्रांत राजकारणावरनं भांडणं होतात, आपली एका मात्रेवरनं. चहाच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत. तू म्हणायचास, हलगीवर पाय कुठं पडतोय बघ, लेझमात कुठं पडतोय बघ, आपल्या मानसाचा पाय तितंच पडतोय. मी म्हणायचो, चूक ती चूक, जन्मभर केली म्हणून ती बरोबर होत नाही. वर्षातनं एकदा मला नृसिंहवाडीला जायचं असायचं आणि तू स्कूटर काढायचास. माझं दर्शन होईपर्यंत तू घाटावर बसायचास, मग बासुंदी खायची, मग नावेतनं एक फेरी. त्या नावेतसुद्धा तू फळीवर ठेका धरलास आणि मी शेजारी माझी सम हातानं आपटायला लागलो. नावाडी मागं वळून म्हणाला, "पावनं, बुडवायची हाय काय नाव? एकानं एकीकडनं हलवायची, एकानं दुसरीकडनं." आपण हसून हसून गार झालो. पण हात कुणी थांबवला नाही.

आणि ह्या सगळ्या वर्षांत मी एक गोष्ट मीठमसाला लावून सांगत फिरलो: "दस्तगीर कॅसेट गुंडाळायला विसरला आणि आमची सम गेली!" लोक खो खो हसायचे. तू दाढी खाजवत बसायचास. ह्याच्याकडं मी परत येतो.

ऑर्केस्ट्रा बंद पडला. पेनड्राईव्हवर ट्रॅक मिळायला लागल्यावर साईड रिदम कुणाला पाहिजे? तुझे हात सुईकडं गेले, माझे तांब्याच्या तारेकडं. मग गेल्या वर्षी तू माझ्या दुकानात येऊन, बसायच्या आधीच, म्हणालास, "लोकांची गानी वाजवून हात झिजलं. आपलं काय?" मी म्हटलं, साठीत? "त्या पोरांनी पयला काडला तवा ती इशीत हुती. आपन साठीत काडू. काडायचा पयलाच की!" अल्बमचं नावही तिथंच ठरलं. 'पयला'. त्याला दुसरं नाव सुचवायची कुणाची टाप होती?

राजारामपुरीत कोचिंग क्लासच्या वरती अलका मॅडमचा फ्लॅट, तोच आपला स्टुडिओ. चाळीस वर्षं हार्मोनियम शिकवलेल्या बाईंनी ऑर्गन घेतला आणि तो पायरी पायरीनं वर चढवताना आपण तिघांनी मिळून सव्वीस वेळा देवाचं नाव घेतलं, तू तुझ्या, आम्ही आमच्या. रविवारी क्लास बंद, म्हणून रविवारी रेकॉर्डिंग. लॅपटॉपवर तुझी लेक यास्मिन. ड्रमर नाही, बेस नाही. मॅडमचा डावा हात हाच बेस. आणि तू आधी तुंबा वाजवलास, मग त्यावर बोंगो, मग त्यावर हलगी. तीन माणसं तू एकट्यानं झालास. यास्मिननं तिन्ही एकत्र लावून ऐकवलं तेव्हा तू स्वतःच्याच आवाजाला म्हणालास, "कोन हाय ह्यो? बरा वाजवतोय."

पाच तुकडे झाले. एक माझा ब्लूज, जो ऐकून मॅडम म्हणाल्या की विलासराव, ह्यात जळालेल्या मोटारीचा वास येतोय, आणि मला ते फार आवडलं. दोन धडाधड रॉक. एक नुसता तुझा. आणि मधला तिसरा, आपल्या बावड्याच्या ठेक्यावरचा. पण त्याची धून माझी स्वतःची, आणि मी ती खऱ्या समेवर बांधली होती, म्हणजे मला जी खरी वाटत होती तिच्यावर. तू आदल्या रविवारी तुंबा वाजवून गेलेलास. मी गिटार लावली आणि तुझा सगळा जोर माझ्या समेच्या एक मात्रा पुढं. तू मुद्दाम केलं होतंस. मॅडम माझ्या बाजूच्या. "दस्तगीरभाई इथे चुकतायत," त्या म्हणाल्या. यास्मिन दोघांच्या तोंडाकडं बघून बारीक आवाजात म्हणाली, "काका, सरकवता येतंय. माऊसनं एवढंसं."

गुरुवारी दुपारी मी तुझ्या दुकानात आलो आणि सांगितलं, सरकवतोय. तुझ्या ओठांत खिळे होते, तरी तू बोललास, न काढता. "सरकीवलंस तर कव्हरवरनं माजं नाव काड."

मी म्हटलं, "काढतो."

सोमवारी सकाळी यास्मिनचा फोन आला.

'काढतो.' चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी तुला म्हटलेला शेवटचा शब्द हा. मला तुझी इतकी आठवण येते की दुकानाचं शटर वर ढकलताना उजवीकडं बघायचं मी टाळतो. आणि त्या शब्दाची इतकी लाज वाटते की तुझ्या मातीला आलो तेव्हा मी मागं उभा राहिलो, पुढं यायचा मला हक्क नाही असं वाटून. लोक म्हणाले, विलासला धक्का बसलाय. धक्का कसला, शरम होती ती.

पंधरा दिवसांनी यास्मिन लॅपटॉप घेऊन आली. अल्बम बाहेर सोडायचा होता, हॉल आधीच ठरलेला होता. "काका, तिसऱ्याचं काय करू? ठिवू का सरकवू?" सगळ्यांनी गृहीतच धरलेलं, आता ठेवणारच, गेलेल्या माणसाचं मन कोण मोडणार. तिथंच माझं डोकं सणकलं. गेला म्हणून त्याचं बरोबर? असली भीक तू घेतली असतीस? तू मला ओळखतोस, मी तुला ओळखतो. मी कीव करून तुला जिंकवलं असतं तर तू वरनं खिळे मारले असतेस. मी यास्मिनला म्हटलं, थांब, मला आधी तुझ्या आईला भेटायचंय.

वहिनींनी चहा टाकला. कार्यक्रमाला तुमची हरकत नाही ना, विचारलं. तुझ्या नात्यातल्या एकदोघांनी नाक मुरडलं होतं म्हणे. वहिनी म्हणाल्या, "रडायचं त्ये आमी घरात रडालोय की. तितं तुमी वाजवा." मग मी बशीकडं बघत तुला कधी न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगून टाकली. वहिनी, त्या दिवशी कॅसेट दस्तगीरनं नाही, मी लावली होती. बटण मी दाबलं. गुंडाळायचं मी विसरलो. आणि इतकी वर्षं त्याच्या नावावर खपवलं.

वहिनी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "भाऊ, ह्ये तुमी मला सांगालासा व्हय? त्ये तितंच हुतं की! तुमच्या शेजारी! तुमी फोनवर त्ये गानं ऐकीवलं त्याच राती तेंनी मला सांगितलंया. म्हनायचं, इलासला वाटतंय माज्या ध्यानात न्हाई. ऱ्हाऊंदे त्येला तसंच. गोष्ट सांगताना लई खूश असतोय त्यो."

तू तिथंच होतास की रे! माझ्या शेजारी, पायावर पाय! एवढी साधी गोष्ट माझ्या खोपडीत कशी शिरली नाही? इतकी वर्षं मी पंगतीत तुझी टर उडवली, आणि तू दाढी खाजवत माझं खोटं राखत बसलास. मी वहिनींच्या पुढ्यात हुंदके देऊन रडलो. त्या "चा घ्या, चा घ्या, निवतोय" म्हणत राहिल्या. तुझे उपकार मानायला तू समोर नाहीस, हेच मोठं दुखणं आहे. म्हणून इथं लिहून ठेवतो: पट्टी गुंडाळायला मी विसरलो. त्या चुकीवर उभं राहून गावं नाचवलीस ती तू.

तरीही, दस्तगीर, सम कुठली ह्याचा निकाल लागला नव्हता. मन भरून आलं म्हणून मी मात्रा सोडत नसतो. मी ठरवलं की निकाल हॉल देईल. तुझी थाप आहे तिथंच ठेवायची, न सरकवता, आणि स्टेजवर मी माझ्या समेवर वाजवायचं. लोक कुणाकडं येतात बघायचं. माझ्याकडं आले तर संध्याकाळी फाईल सरकवून मगच बाहेर सोडायची, आणि मग कव्हरचं काय ते मला एकट्याला सोसायला लागणार होतं. यास्मिनला बजावलं, बापाचा आवाज गिटारीपेक्षा कणभर वर गेलेला चालणार नाही, झुकतं माप नको. ती म्हणाली, "काका, तुम्ही दोघं जिंदगीत सुधारणार न्हाय." तू गेलायस हे ती क्षणभर विसरली आणि मीही.

काल सकाळी अकराला शाळेचा हॉल. बाहेर रिक्षांची रांग लागलेली. तू केलेल्या सीटांवर बसून आलेले सगळे. बावड्यातनं आमची भावकी टेम्पो करून आली. वहिनी पुढच्या रांगेत बसल्या. स्टेजवर मी आणि मॅडम दोघंच, आणि स्पीकरमधनं तू, तीन माणसं होऊन. पहिले दोन तुकडे गेले. लोकांनी टाळ्या दिल्या, पण मला त्या ऐकू येत नव्हत्या. एक सांगतो, गेलेल्या माणसाबरोबर वाजवणं लई अवघड काम आहे. तू माझ्यासाठी थांबत नाहीस, मी चुकलो तर सावरून घेत नाहीस, मी डोळ्यानं खुणावलं तर बघत नाहीस. दर मात्रेला मलाच तुझ्या मागनं यावं लागत होतं.

तिसरा सुरू झाला. नुसता तुंबा. मी माझी सम मोजून धरली आणि घुसलो. पहिलं आवर्तन हॉल गप्प. मी जोर केला. दुसऱ्या आवर्तनाला मागनं, रिक्षावाल्यांच्यातनं, एका पायाचा आवाज आला. माझ्या समेच्या एक मात्रा पुढं. मग चार पाय. मग बावड्याची अख्खी रांग. मी अजून जोर केला, तारा तुटतील इतका, तुला ठाऊकच आहे माझा स्वभाव. तेवढ्यात ऑर्गनचा बेस बदललेला कानावर आला. बघतो तर अलका मॅडमचा डावा हात तुझ्याकडं गेलेला! चाळीस वर्षं तालाचं व्याकरण शिकवलेली बाई! मी डोळे वटारले. त्या माझ्याकडं बघून ओरडल्या, "मी काय करू विलासराव, हात तिकडेच पडतोय!"

मग लोक उठले. खुर्च्या मागं सरकल्या, टोप्या फिरायला लागल्या, जमीन हादरायला लागली, आणि सगळ्यांचा पाय पडत होता एकाच जागी. तुझ्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. वहिनी बसूनच होत्या, पण त्यांचा हात मांडीवर पडत होता, आणि तोही तिथंच. अख्ख्या हॉलात एकटा मी आडवा उभा होतो. आणि दस्तगीर, मला राग आला नाही. माझ्या छातीत कायतरी इतकं मोठं उठलं की आवरेना. आपण केलं, लेका! साठीत, पयल्या झटक्यात, आपण ते केलं!

मी हात तारांवरनं उचलला. एक मात्रा गप्प राहिलो. एवढी लांब मात्रा मी आयुष्यात मोजली नाही. मग तुझी थाप पडली आणि मी तिच्यावर आलो, आणि जे काय झालं ते तुला कुठल्या शब्दांत सांगू? सगळं बसलं. धून माझीच होती, पण तिला पहिल्यांदा पाय फुटले. मी वाजवत होतो, रडत होतो आणि हसत होतो, आणि मला कसलीच लाज राहिली नव्हती.

तिसरा संपला तरी लोक पाय थांबवेनात. खाली लॅपटॉपजवळ यास्मिननं मान वर केली आणि हातानं विचारलं, काय करू? मी माईक चालू आहे का बंद ते बघितलं नाही. गळा फोडून ओरडलो, "हात लावू नगंस त्येला! हाय तितंच हाय सम!"

सगळ्या हॉलनं ऐकलं. तूही ऐकलं असशील तर बरं, कारण मी परत म्हणणार नाही.